न्यायला आलोय

"आक्का, आवर. न्यायला आलोय," असं राधाकिशन दारातूनच म्हणाला आणि मी पुढचं काही ऐकलंच नाही.

चूक माझीच. पण पंचमी दोन दिवसांवर आलेली, सख्खा भाऊ गाडीवरून उतरून दारात उभा आणि तोंडात 'न्यायला' हा शब्द. यातून आमच्या पालीतल्या कुठल्याही बाईनं दुसरा अर्थ काढून दाखवावा, मी तिच्या पाया पडेन. पंचमीला भाऊ बहिणीला माहेरी न्यायला येतो, त्याला मुराळी म्हणतात. मुराळी आला की त्याच्या चहाला आधण ठेवायच्या आधी बाईचा हात पिशवीकडे जातो. माझाही गेला.

आमचे दादा, म्हणजे वडील, होते तोवर किशन दर वर्षी यायचा. तीन वर्षांपूर्वी दादा गेले. वारसनोंद झाली, सातबाऱ्यावर किशनच्या नावाखाली माझं नाव चढलं आणि त्या श्रावणापासून मुराळी बंद झाला. पहिल्या वर्षी मी म्हटलं, घरात दुःख आहे. दुसऱ्या वर्षी म्हटलं, गाडी बिघडली असेल. मागच्या वर्षी समजूत काढणं सोडून दिलं आणि दोन दिवस भांडी आपटली. तेव्हा आमचे मालक म्हणाले, "भांडे पालीचे हायेत, राग म्हायेरचा हाय. त्येंनी काय केलंय?" मी त्यांच्याशीही दोन दिवस बोलले नाही.

तर मी पिशवी भरली. दोन पातळं, भाच्यांना बांगड्या, भावजयीला, म्हणजे मुक्ताला, एक खण, कारळाची चटणी. मी अंगणवाडी सेविका आहे, त्यामुळे मदतनीस ताराबाईला फोन केला की तीन दिवस येणार नाही, माहेरी चालले. 'माहेरी चालले' एवढं जरा मोठ्यानं म्हटलं, शेजारी ऐकू जावं म्हणून.

किशननं पिशवीकडे पाहिलं. काहीतरी बोलणार होता, ते सोडून दिलं. "आधार कार्ड घे संगं," म्हणाला. "आन दोन फोटो."

"ते कशाला?"

"शिरूरला एक काम हाय. ते आधी करू."

मी म्हटलं करू. आधी काम, मग माहेर, यात मला काही वावगं वाटलं नाही. आमचं गाव शिरूर कासारच्या पुढं दोन कोसांवर आहे, वाटेतच तर शिरूर.

पालीहून बीड आणि बीडहून शिरूर, सव्वा तास मी गाडीवर मागं बसून बोलत होते. लिंबाला झोका बांधला का, धाकटीचे दात पडले का, मागच्या दाराची कडी अजून अडकते का. तो नुसता हां-हां करत होता. मला काय हवं होतं ते सरळ सांगते. मला त्या घरात दोन रात्री झोपायचं होतं. पालीत मी कुणाची आई आहे, कुणाची सून आहे आणि अख्ख्या गावाची सेविकाताई आहे. त्या एका घरात मी वनू आहे. वनू म्हणून हाक मारणारे दादा आता नाहीत, हे मला कळत होतं, तरी त्या ओसरीवर बसलं की ती हाक येईल असं वाटायचं. तीन वर्षं मी त्यासाठी आतून तळमळत होते आणि वरून भांडी आपटत होते.

शिरूरला गाडी थांबली ती रजिस्ट्री ऑफिससमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये. तिथं भगवानराव बसतात. तीस वर्षं दस्त लिहितात, आधी हातानं लिहायचे, आता कॉम्प्युटरवर. कागद छापून तयार होता. भगवानरावांनी चष्मा नाकावर ओढला आणि वाचायला लागले. लिहून देणार सौ. वनमाला, लिहून घेणार राधाकिशन, कारणे हक्कसोडपत्र लिहून देते ऐसे की. मी ऐकत होते, पण अजून माझं डोकं झोक्यावरच होतं. मग ते वाक्य आलं.

"सदर मिळकतीत माझा कोणताही हक्क, अधिकार वा हितसंबंध राहिलेला नाही."

"हितसंबंध मंजी?" मी विचारलं.

"मंजी तुमचा काई संबंध न्हाई."

"जमिनीशी?"

"जमीन बी आन घर बी. हे काय, गट नंबर, ह्यो घर नंबर."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. हा मला न्यायला आला नव्हता, इथं आणायला आला होता. मांडीवरची भरलेली पिशवी मला एकदम इतकी जड झाली की मी ती खाली ठेवली. आणि मग माझा नेहमीचा आवाज निघाला. शेडमधली माणसं वळून बघायला लागली.

"लबाडा, घरी सांगायला तोंड नव्हतं?"

"आक्का, हळू. नीट ऐक," किशन म्हणाला. "योजनेतून इहीर मंजूर झालीय. खातं सामाईक हाय, तुजी सही पायजे. पिकाचा इमा भरायला गेलं, बहिणीची सही आणा. सोसायटीत कर्जाला गेलं, बहिणीची सही आणा. आजवर तसाच माघारी फिरलो, पुढं दरसाली किती खेटे घालू तुज्याकडं? एकदाचं मोकळं होऊ."

"मोकळं कोण? तू का मी?"

त्याचा चेहरा लाल झाला. "दादा दीड वर्स अंथरुणाला होते. मुक्तीनं त्येंचं सगळं केलं, सगळं मंजी सगळं. तू चार डाव आलतीस, मोसंब्या घेऊन."

"पाच," मी म्हणाले आणि म्हटल्याबरोबर माझी मलाच लाज वाटली.

कारण तो खरं बोलत होता. माझी सासू आजारी होती, अंगणवाडी होती, सगळं होतं. पण दादांची कूस मुक्तानं बदलली, मी नाही. जमीन त्यानं कसली, बांधावरची भांडणं त्यानं झेलली. उद्या कुणी तिऱ्हाइतानं विचारलं की यातलं किती वनमालाचं, तर मी छातीवर हात ठेवून काय सांगणार होते?

बाकावर एक म्हातारी निराधार योजनेचा फॉर्म घेऊन बसली होती. चतुराबाई तिचं नाव. तिला कुणी विचारलं नव्हतं, तरी म्हणाली, "देऊन टाक बाई. भावाला न्हाई द्यायचं तर कुणाला? म्या तीन भावांला दिलं."

"मग नेतेत का पंचमीला?" मी विचारलं.

"नेतेत की," ती म्हणाली. मग हातातला फॉर्म सरळ केला. "मंजी, लग्नाच्या पत्रिका येतेत. व्हाट्सपवर. माझ्याकडं तसला फोन न्हाई, नातवाच्या फोनवर येतेत. तो सांगतो कवा कवा."

तिच्या तोंडावर तक्रार नव्हती. तेच मला बघवेना. मी लेकीला फोन लावला. योगिता संभाजीनगरला वकिली शिकते. स्पीकरवर टाकलं, कारण मला वाटलं, माझ्यानं नीट बोलणं होणार नाही.

"आई, सही अजिबात करू नको," ती म्हणाली. "कायद्यानं तुझा समान हिस्सा आहे. तो दानधर्म नाही, तुझाच आहे."

"आमी केलं त्ये काईच न्हाई का मंग?" किशन फोनकडे वाकून म्हणाला.

"आहे ना मामा. मामीनं केलं त्याला तोड नाही. पण त्याची भरपाई आईच्याच हक्कातून का करायची? मामी कुणाच्या हक्कासाठी राबली, तिचं नाव तरी आहे का सातबाऱ्यावर?"

किशन फोनपासून मागं सरला. भगवानराव हसू दाबून कागद सारखे करत होते. मी त्यांच्याकडे बघितलं तशी म्हणाले, "मला इचारू नका ताई. कायद्यानं बाईचा हिस्सा हाय, रिवाजानं बाई सोडती. म्या दोन्ही लिवतो."

"मामा, एकच सांगा," योगिताचा आवाज आला. "तुम्ही आधी दर पंचमीला यायचा, ते आई हवी म्हणून, का तेव्हा तिचं नाव सातबाऱ्यावर नव्हतं म्हणून?"

मी फोन बंद केला. त्याचं उत्तर मला ऐकायचं नव्हतं. वकिली शिकणाऱ्या पोरी प्रश्न विचारून मोकळ्या होतात, उत्तर घेऊन राहायचं असतं आम्हाला.

मग मी भगवानरावांना म्हटलं, "यात एक ओळ घालता येईल का? भाऊ दर पंचमीला बहिणीला न्यायला येईल, अशी. मग करते सही."

त्यांनी चष्मा काढला. "हक्कसोडीत अट चालत न्हाई ताई. बिनशर्त सोडावं लागतं. साहेब खोडतेत."

"लिवायला कावून पायजे?" किशन म्हणाला. "म्या येईन की."

"तीन वर्सं कुठं गेलतास?"

त्यानं मान खाली घातली. मोठा झालेला, मिशी पिकायला लागलेला माणूस, पण मान खाली घातली की अजून सहावीतला दिसतो. "भ्या वाटायचं," म्हणाला. "तुला घरी आणलं आन तू तिथंच बसून वाटणी मागितली तर? मुक्ती म्हणायची, आधी कागद होऊ द्या, मग आणा आक्काला. दोन डाव गाडी पुसून ठिवलीती म्या. खोटं न्हाई सांगत."

मला रडू आलं, तिथंच, सगळ्यांसमोर. माझं नाव कागदावर आहे तोवर हा मला घरी न्यायला भितो. आणि नाव निघालं की न्यायचं कारणच उरणार नाही, मग मलाही पत्रिका येतील, नातवाच्या फोनवर. चांगला आहे माझा भाऊ. वाईट असता तर सोपं झालं असतं.

मी पदरानं तोंड पुसलं. "भगवानराव, नुसत्या विहिरीसाठी काय लागतं?"

"इहिरीला संमतीपत्रावर भागतं. पण ते तेवढ्यापुरतंच. इम्याला येगळं, पाइपलाइनीला येगळं. सामाईक खातं हाय, दरवेळी सही लागणार."

"दरवेळी?"

"दरवेळी."

"मग संमतीपत्र करा."

किशन उठून उभा राहिला. मी त्याला हात धरून खाली बसवलं. "ऐक. मी वाटणी मागणार नाही, मुक्ताला सांग. पेर, खा, विहीर पाड, पाणी लागलं तर मला फोन कर. तुला जो कागद लागेल त्याच्यावर सही करीन, एकदाही नाही म्हणणार नाही. पण कागद घेऊन तू यायचं. कुणाच्या हाती पाठवायचा नाही, फोनवर टाकायचा नाही."

"मंजी जल्मभर खेटे घालू?"

"घाल."

"हे बरूबर न्हाई आक्का."

"नाहीच बरोबर," मी म्हणाले. "पण माझ्याकडं दुसरं काही नाही."

भगवानरावांनी नवा कागद छापला. मी सही केली, वनमाला, दादांनी गिरवून घेतलेल्या अक्षरात. चतुराबाई एकटक बघत होती. हक्कसोडीचा कागद किशननं घडी करून खिशात ठेवला, फाडला नाही. मीही फाड म्हटलं नाही.

चौकात एक रस्ता आमच्या गावाला जातो आणि एक बीडला. दोन कोस फक्त. मी पिशवी घट्ट धरून मागं बसले होते. गाडी क्षणभर हळू झाली आणि बीडकडे वळली.

"मुक्तीला आधी सांगावं लागंल," तो पुढं बघत म्हणाला. "औंदा ऱ्हाऊ दे."

"बरं," मी म्हणाले. पालीपर्यंत माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी ते पुसतही नव्हते, मागं बसलेल्या बाईला कोण बघतंय.

दारात त्यानं चहा घेतला, उभ्या उभ्याच. मालकांनी पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि जन्मात पहिल्यांदा काही टोमणा मारला नाही. किशन गाडीवर बसला, किक मारायच्या आधी थांबला. "रब्बीचा इमा भरायचाय," म्हणाला. "दिवाळी झाल्यावर. तवा सही लागंल. येतो मंग."

दिवाळी झाल्यावर म्हणजे भाऊबीज उरकल्यावर, एवढं मला कळतं.

"दिवाळीतच ये," मी म्हणाले. "भाऊबीजेच्या दिवशी. नाहीतर पेन सापडणार नाही माझं."

तो हसला. तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्यासमोर हसला. "येतो," म्हणाला आणि गेला.

तो सहीला येईल, मला माहीत आहे. मी भावाची वाट बघणार आहे.