वरातीच्या घोडीचा फोटो

दिग्रसच्या कपिलनं आजवर घोडीवर बसलेले नवरदेवच टिपले होते. घोडीवर बसलेली पोरगी त्याच्या कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदाच आली. सुरभीनं घराजवळच्या वावरात पोरींसाठी घोडेस्वारीचा क्लास काढला होता. घोडी होती, रिंगण होतं, पण शिकायला कुणी फिरकत नव्हतं. आयाबायांची भीती जावी म्हणून बोर्डावर लावायला तिला एकच फोटो पाहिजे होता. वर ती आणि खाली शांत उभी तिची घोडी, चांदणी.

आता चांदणी शांत उभी राहील तर शपथ! लग्नाला घोडी देणाऱ्या पुसदच्या देवीलालकडं तिची उमर वरातीत गेलेली. कॅमेरा दिसला की नाचायचं, एवढं तिला पक्कं ठाऊक. कपिलनं कॅमेरा डोळ्याला लावला रे लावला, की बाईसाहेब पुढचे पाय उचलून थयथय सुरू. त्यानं फ्लॅश बंद केला, निंबाआडून फोटो काढून पाहिले, काही उपयोग नाही. एकेक फोटो असा, की पाहणारी आई पोरीला वावराकडं फिरकू देणार नाही.

"हा लावण्यापेक्षा क्लास बंद केलेला बरा," सुरभी म्हणाली. तिचा चेहरा पार उतरला होता.

कपिलला वाईट वाटलं. मग त्याला आठवलं, वरातीतही घोडी एकदा गप उभी असते. निघायच्या आधी बायका तिच्या पायावर पाणी घालतात, कुंकू लावतात, चण्याची डाळ चारतात. तेवढा वेळ समोर कितीही कॅमेरे असोत, ती हलत नाही.

"तुया आईले बोलाव," तो म्हणाला.

"थे नाही येत, दादा. घोड्यावर नवरदेव बसते, पोरगी नाही, असं म्हणते. चांदणी आणल्यापासून इकडं पाय नाही ठेवला तिनं."

कपिल स्वतःच घरी गेला. तिची आई, इंदुताई, तूर पाखडत होत्या. चांदणीला ओवाळायला चला, असं त्यानं म्हटलं.

"लगन नाही, काही नाही, कायले ओवाळू?"

"काकू, फोटो नाही निघाला तर क्लास बंद करतो म्हणते. तोंड पाडून बसली पोरगी."

इंदुताईंनी सूप खाली ठेवलं. थोड्या वेळानं ओवाळणीचं ताट घेऊन त्या वावरात आल्या. त्यांनी पायावर पाणी घातलं, कुंकू लावलं, डाळ पुढं केली. चांदणीनं मान खाली घातली आणि निवांत खात राहिली. काम झालं होतं, इंदुताईंनी बाजूला व्हायचं होतं. त्या झाल्या नाहीत. त्यांनी मान वर करून घोडीवर बसलेल्या लेकीकडं पाहिलं.

"थे टोपी काढ. कुंकू कुठं लावू?"

सुरभी हेल्मेट काढून खाली वाकली. इंदुताईंनी टाचा उचलून तिला कुंकू लावलं, ओवाळलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. कपिलनं तेवढ्यात फोटो काढून घेतला.

सुरभीनं तो पाहिला. "हाच बोर्डावर लावू."

"मी कायले त्याच्यात?"

"पोरी धाडणाऱ्या आया तुलेच पाहतीन, आई."

इंदुताईंनी पदरानं डोळे पुसले. "लाव मग. पण पहिले टोपी घाल अन् एक फेरी मार. तू कशी बसतं, मी पाह्यलंच नाही अजून."

आणि त्या रिंगणाच्या काठाला जाऊन उभ्या राहिल्या.