छाटलेल्या गाठी

जाड फांदी करवतीनं अर्धी कापून झाली आणि झाडकाप्याची नजर सहज कमरेच्या गाठीवर गेली. गाठीबाहेर दोराचं वीतभर शेपूट लोंबायला हवं होतं. होतं नखाएवढं. वजन पडलं की गाठ शेपूट आत ओढते. अजून दोन झोके, की गाठ मोकळी आणि हा थेट खाली फरशीवर.

त्यानं खोडाला मिठी मारली आणि खाली फांदीचा दोर धरून उभ्या मेव्हण्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्यात बायकोही येते हे नंतर ध्यानात आलं, पण बोललेलं आता मागे कोण घेतो.

एकदा मनासारख्या बसलेल्या गाठी तो कधी सोडत नसे, तशाच थैलीत ठेवायचा. आणि मेव्हणा पडला टापटिपीचा पुतळा, कामावरसुद्धा शर्ट खोचून येणारा. त्यानं आदल्या दिवशी एकूण एक शेपटं कात्रीनं छाटून टोकं मेणबत्तीवर शेकवली होती. वर तोंड करून हे तो कौतुकानं सांगतही होता.

"गबाळं दिसत होतं, दाजी."

झाडकाप्या लांब शेपटाची नवी गाठ मारून उतरला. थैलीतली दुसरी छाटलेली गाठ काढली, खालच्या फांदीवरून टांगली, मेव्हण्याला पट्ट्यात अडकवून गुडघाभर वर ओढला आणि झोके घे म्हणाला. तिसऱ्या झोक्याला गाठ सुटली. मेव्हणा काटेरी फांद्यांच्या ढिगात जाऊन बसला.

"तुला ढीग मिळाला. मला काय मिळालं असतं?"

मेव्हणा पांढराफटक. त्याला तिथूनच घरी हाकलायचं, असं झाडकाप्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण अर्धी कापलेली फांदी शेजारच्या घराच्या छपरावर लोंबत करकरत होती, आणि खाली दोर धरायला दुसरं होतं कोण?

दात ओठ खात तो परत चढला. फांदीचा दोरही नव्यानं बांधला, मग उरलेली कापली. खाली मेव्हण्यानं दोराचा बुंध्याला वेढा घातला होता. फांदी छपराच्या हातभर वर येऊन थांबली. आता बाजूला घेऊन हळूहळू सोडायची, बस.

झाडकाप्यानं बेचक्यात बैठक मारली आणि खिशातून बिस्किटाचा पुडा काढला.

"सोडू का दाजी?"

"धर."

पहिलं बिस्किट संपलं. खाली मेव्हण्याचा शर्ट बाहेर आलेला, केस कपाळावर, पाय मातीत घसरतायत.

"दाजी, हाताची सालं निघतायत."

"नीटनेटकी निघतायत ना?" म्हणत त्यानं दुसरं बिस्किट काढलं.