लिसांद्रोच्या पँटवरची करडी माती

त्या ट्रॅमेल नावाच्या माणसाला जनाची नाही आणि मनाची तर नाहीच नाही. एका फेब्रुवारीत तो आमच्या सान लाउरोच्या मैदानावर चार वेळा आला. चारही वेळा माझ्या टपरीवरचे बटाटा-अंड्याचे दोन-दोन टाको खाल्ले आणि जाळीमागच्या पहिल्या रांगेत, जिथं माझा एव्हारिस्तो मरेपर्यंत बसायचा, नेमका तिथंच जाऊन बसला. बसला तर बसला. पण टाळी म्हणून वाजवली नाही. माझ्या नातवानं, लिसांद्रोनं, पळत जाऊन चेंडू उचलला, फेकला, सगळं गाव उभं राहिलं, आणि हा बाबा पोराच्या बुटांकडे बघत होता. चेंडू सोडून बुटांकडे. मग कागदावर काहीतरी खरडलं, खिशातल्या घड्याळाची कळ टिकटिक दाबली, आणि पाचवा डाव संपायच्या आत गाडीत बसून चालता झाला. शाळेच्या सामन्याला सात डाव असतात. लग्नाला येऊन, जेवून, नवरानवरी चर्चबाहेर पडायच्या आत सटकणाऱ्या पाहुण्याला आमच्याकडे जे म्हणतात ते इथं लिहिण्यासारखं नाही.

ट्रॅमेल म्हणजे स्काउट. उत्तरेकडच्या एका मोठ्या क्लबासाठी शाळा-शाळांतून बेसबॉल खेळणारी पोरं पारखत हिंडायचं, हा त्याचा धंदा. पन्नाशीचा गडी, मानेला उन्हानं भाजलेला लाल पट्टा, डोक्यावर गवती हॅट. आमच्या या नदीकाठच्या टोकाला असली माणसं दहा वर्षांत एखादी येतात, आणि आली की कांदे उतरवणाऱ्यापासून फादरपर्यंत सगळे त्यांच्याशी गोड बोलतात. मी बोलले नाही. टाको दिले, वरचा तिखट साल्सा कमी दिला.

मैदानाच्या चार कोपऱ्यांवर धावणाऱ्यानं गाठायचे चार बेस असतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभा राहून जो चेंडू अडवतो आणि लांब पहिल्या बेसवर फेकतो तो शॉर्टस्टॉप. ती जागा आमची आहे. एव्हारिस्तो रविवारी मळ्यांच्या सामन्यांत तिथं उभा राहायचा, अनवाणी, कांदा काढलेल्या वावरात. मग माझे दोघं मुलगे, लिसांद्रोचा बाप आणि रोके. आता लिसांद्रो, सतरा वर्षांचा, जवळच्या चार शाळांत त्याच्यासारखे हात कुणाचे नाहीत. बाप तेलविहिरींवर असतो, पोरगा माझ्यापाशी वाढला. तो शॉर्टस्टॉप नसेल तर मग कोण असणार, हा प्रश्न आमच्या गावात कुणी विचारत नाही.

संघाचे कपडे मी धुते. नऊ वर्षं झाली. आधी ते शहरातल्या धोबीखान्यात जायचे आणि गुलाबी होऊन यायचे, तेव्हा मीच म्हटलं, आणा इकडे. माझी शाळा तिसरीत सुटली, पण पँट मला वाचता येते. उजव्या ढोपरावर माती म्हणजे पोरगा वाकतो. कमरेला हिरवं म्हणजे घसरायला शिकला. बुडाला माती म्हणजे सामना बाकावर बसून काढला आणि घरी येऊन आईला दुसरंच सांगितलं. आयांना मी काही बोलत नाही. पोरांना मात्र ठाऊक असतं की वेलाला कळलंय. आजीला आमच्याकडे वेला म्हणतात, आणि सगळं गावच मला वेला म्हणतं.

त्या महिन्यात लिसांद्रोच्या सामन्याच्या पँटी कोऱ्या यायला लागल्या. ढोपरावर दोन तांबडे ठिपके, बस. आधी मला कौतुक वाटलं, साबण वाचला. मग वाटलं, हा स्काउटसाठी नटून खेळतोय. अंगाला माती लागू द्यायची नाही, केस विस्कटू द्यायचे नाहीत. एका रात्री जेवताना सुनावलंच, की तुझा आजोबा मैदानातून आला की मी त्याला दारातच झाडूनं झोडपून मग घरात घ्यायची, आणि तू बघ, चर्चमध्ये पहिल्या कम्युनियनला पांढरेशुभ्र कपडे घालून निघाल्यासारखा. त्यानं ताटातून मान वर केली नाही. म्हणाला, वेला, चेंडू आपणच येऊन ग्लोव्हमध्ये बसतो, मी काय करू. मला ती बढाई वाटली, आणि खोटं कशाला सांगू, आवडलीसुद्धा.

मग तो मंगळवार. सामना सुरू व्हायला तास होता, वारा सुटला होता, मी तव्यावर तोर्तिया उलटत होते. ट्रॅमेल टपरीपाशी आला, हॅट काढली, दोन्ही हातांत धरली. आमच्याकडे हॅट काढून येणारा माणूस एक तर मयताची खबर आणतो नाही तर मुलगी मागतो.

"मॅम," तो म्हणाला, "लिसांद्रोला एक सामना सेकंड बेसवर खेळवावा, असं मी कोचना म्हटलं. ते म्हणाले, आधी त्याच्या आजीला विचारा."

मी तव्यापलीकडे बघितलं. कोच बाल्देमार, सहा फूट उंच, दोन मुलांचा बाप, बॅटींच्या पिशवीमागे वाकून काहीतरी शोधत होता. बराच वेळ शोधत होता.

सेकंड बेस म्हणजे काय ते सांगते. पहिल्या आणि दुसऱ्या बेसच्या मधली जागा. तिथून पहिला बेस चार पावलांवर, म्हातारीलाही फेकता येईल. ज्याचा हात अधू, जो कोचचा पुतण्या, त्याला तिथं उभं करतात. निदान आमच्या घरात तरी असंच म्हटलं जायचं.

मी विचारलं, माझ्या नातवात खोट काय. तो म्हणाला, खोट नाही. हात सोन्याचे आहेत, पाय त्याहून चांगले असावेत. पण लांबून फेकलेला चेंडू अर्धं पाऊल उशिरा पोचतो, आणि पुढं वरच्या खेळात ते अर्धं पाऊल कुणी माफ करत नाही. मी म्हटलं, तो दोष पंचाच्या डोळ्यांचा. तो हसला नाही, वादही घातला नाही.

"आणि दुसरं म्हणजे," तो म्हणाला, "मी याआधी तीन वेळा आलो, मॅम. त्याच्या बाजूला एकही चेंडू जमिनीवर आपटून वाकडा उडाला नाही. वाकड्या चेंडूला पोरगा काय करतो ते बघितल्याशिवाय मी त्याच्याबद्दल काहीच लिहू शकत नाही. महिनाअखेरीस माझी यादी जाते."

मी त्याला सांगितलं, की आमच्याकडे सेकंड बेसवर खेळायला माणसं कमी पडली तर कळवू, आणि टाको गार होतोय. त्या दिवशी साल्सा दिलाच नाही. तो पाचव्या डावात नेहमीसारखा उठून गेला.

आता ती तांबडी माती कुठून आली ते सांगायला हवं. गेल्या नाताळात आम्ही बायकांनी मक्याच्या पिठाचे वाफवलेले तमाल विकून मैदानासाठी नवी तांबडी माती मागवली. ती अर्ध्याच मैदानाला पुरली. कुठल्या अर्ध्याला टाकायची हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. लिसांद्रोच्या बाजूला तांबडी पडली. सेकंड बेसच्या बाजूला तीच जुनी, करडी, चुनखडीची, खड्यांनी भरलेली. मैदान राखतो माझा धाकटा, रोके. त्याला मी सांगून ठेवलं होतं, तांबडीला सकाळ-संध्याकाळ पाणी घालायचं, पंजा फिरवायचा, एक ढेकूळ राहता कामा नये. उरलेल्या बाजूचं देव बघेल.

गुरुवारी सरावाचे कपडे धुवायला काढले. सरावाचे कपडे एरवी मी बघत नाही, सगळे एकत्र टबात जातात. त्या दिवशी लिसांद्रोची पँट हाताला जड लागली. उघडून बघितली. दोन्ही ढोपरं, मांड्या, पोट, मातीच माती, आणि सगळी करडी. सदऱ्याच्या छातीवर चेंडूचा गोल ठसा, तोही करडा. उजव्या खांद्याला नाक लावलं तर मलमाचा वास, सांधेदुखीचं मलम असतं ना, म्हाताऱ्यांचं, तो. मग सामन्याचा सदरा काढून हुंगला. दोनदा धुऊनसुद्धा त्याला तोच वास.

मी टबाच्या काठावर बसले. मशीन नुसतंच घरघरत राहिलं.

लिसांद्रोला हाक मारली. रोके अंगणात पाइप गुंडाळत होता, त्यालाही थांब म्हटलं. पँट दोघांसमोर दोरीवर टाकली.

"किती दिवस?"

"जानेवारीपासून," लिसांद्रो म्हणाला. "सराव संपल्यावर. कोच चेंडू मारतात, मी सेकंड बेसवर उभा राहतो."

"आणि मला कुणी सांगितलं नाही."

"तू रागावली असतीस."

"मी कधी रागावते?"

रोकेला अचानक खोकला आला. मी त्याच्याकडे बघितलं तशी ती उबळ थांबली.

मग मी खांद्याचं विचारलं. आधी काही नाही म्हणाला. मग म्हणाला, की त्या लांबच्या कोपऱ्यातून चेंडू पोचवायचा तर सगळा जोर लावावा लागतो, रात्री दुखतो, पण ती जागा आजोबांची आहे. हे तो मला सांगत होता, जसं काही मला माहीत नव्हतं. अशी वाक्यं पोराच्या तोंडी आपणच घातलेली असतात, आणि ती परत ऐकायला फार वाईट वाटतात.

"आणि सेकंड बेसवर?"

त्याचा चेहरा बदलला. सहा वर्षांचा असताना खिशात सरडा लपवून आणला की असा व्हायचा. "तिथं मजा येते, वेला. चेंडू खड्यावर आपटून कुठंही उडतो. आधी ठरवून काही करता येत नाही. शॉर्टस्टॉपला मी नुसता उभा असतो."

"आई, त्या तांबड्या बाजूला आता तोर्तियाच्या कणकेसारखी जमीन झालीय," रोके हळूच म्हणाला. "चेंडू उडणार कुठून."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. चार सामने मी त्या ट्रॅमेलला शिव्या घातल्या, पोराला नटवा म्हटलं, आणि पँटी कोऱ्या ठेवल्या कुणी, तर मी, सकाळ-संध्याकाळ पाणी घालून. एव्हारिस्तो असता तर काही बोलला नसता. नुसता हॅट डोळ्यांवर ओढून पोट हलेपर्यंत हसला असता, आणि ते जास्त लागलं असतं.

मी रोकेला सांगितलं, पाइप कुलपात ठेव. लिसांद्रोला म्हटलं, खांदा दाखव, आणि उद्यापासून मलम मी लावीन, तुला धड लावताही येत नाही. कोच बाल्देमारला फोन केला. शनिवारी माझा नातू सेकंड बेसवर, एवढंच बोलले. एरवी मला वेला म्हणणाऱ्या कोचनं नाव घेऊन अदबीनं विचारलं, दोन्या ओदिलिया, तब्येत बरी आहे ना.

ट्रॅमेलला निरोप कोचनंच दिला असावा. शनिवारी दुपारी तो आला, एव्हारिस्तोच्या जागी बसला, टाको घेतले. मी टपरी माझी शेजारीण चेला हिच्या ताब्यात दिली आणि जाऊन त्याच्या शेजारी बसले. लिसांद्रो उजवीकडे चालत गेला तेव्हा बाकांवर कुजबुज झाली, सगळ्यांनी आधी माझ्याकडे बघितलं. मी सरळ समोर बघत राहिले. शॉर्टस्टॉपला कोचनं आपला भाचा उभा केला. ते मी लक्षात ठेवलंय, पण ते वेगळं प्रकरण आहे.

दुसऱ्या डावात पहिला चेंडू आला. सरपटत आला, खड्यावर आपटला आणि उसळून थेट पोराच्या छातीवर. इथवर आवाज आला. माझा हात आपोआप क्रॉससाठी कपाळाकडे गेला, तो छातीपर्यंत उतरायच्या आत लिसांद्रोनं पडलेला चेंडू उघड्या हातानं उचलून पहिल्या बेसवर फेकलासुद्धा. धावणारा बाद. पोरगा छाती चोळत हसत होता. ट्रॅमेलनं लिहिलं. मी त्याच्या कागदाकडे बघितलं नाही, लिसांद्रोच्या बुटांकडे बघायला लागले. आणि खरंच, चेंडू मारला जायच्या आधीच ते बूट हलायचे, मांजराचे हलतात तसे, पंजांवर. सतरा वर्षं मी त्या पोराचे मोजे धुतलेत, पण त्याचे पाय पहिल्यांदा बघत होते.

पाचवा डाव संपला. ट्रॅमेल उठला नाही.

सहाव्या डावात आमचा जीव टांगणीला होता, एका धावेचा फरक, त्यांचा एक गडी पहिल्या बेसवर. फटका भाच्याकडे गेला. भाच्यानं घाबरून चेंडू वाकडाच लिसांद्रोकडे टाकला, मागं आणि खाली. समोरून त्यांचा रेड्यासारखा गडी पाय पुढं करून घसरत येत होता. लिसांद्रोनं मागं हात घालून चेंडू काढला, दुसऱ्या बेसला पायाचं बोट लावलं, हवेत उडाला, त्या गड्याच्या डोक्यावरूनच वळला आणि पहिल्या बेसवर फेकला. खाली आला तो सपशेल तोंडावर. घसरणारा आणि फटका मारून पळणारा, दोघंही बाद. करड्या धुळीचा एवढा लोट उठला की पोरगा दिसेना, आणि दिसला तेव्हा दात तेवढे पांढरे होते.

सगळं गाव उभं. मी उभी. ट्रॅमेल बसलेला, एका हातात गार झालेला टाको, दुसऱ्या हातात घड्याळ, आणि त्याची कळ दाबायला तो विसरला होता.

सामना आम्ही जिंकला. सातवा डाव पुरता संपल्यावर तो टपरीपाशी आला, पुन्हा हॅट काढून. म्हणाला, लिसांद्रोचं नाव यादीत जाईल, सेकंड बेस म्हणून. एप्रिलमध्ये त्याचे वरचे साहेब स्वतः बघायला येतील. पुढचं त्याच्या हातात नाही, खोटी आशा दाखवणार नाही. तेवढ्यात लिसांद्रो आला, केसांपासून बुटांपर्यंत करडा, ती पँट धुवायला मला तीन पाणी लागणार होती. ट्रॅमेलनं त्याच्याशी हात मिळवला, पोराच्या हाताची धूळ त्याच्या हाताला लागली, ती त्यानं पुसली नाही. हे मी बघितलं.

लोक भोवती थांबले होते. कोच, रोके, चेला, टाकोची वाट बघणारी दहा-बारा माणसं. मी काय बोलते इकडे सगळ्यांचे कान. मी एक टाको गुंडाळला, साल्सा भरपूर घातला आणि त्याच्यापुढे धरला.

"हे बघ ट्रॅमेल," मी म्हटलं, "तुला टाळी वाजवायला कुणी शिकवलं नाही, माझ्या नवऱ्याच्या जागेवर तू न विचारता बसतोस, आणि अर्ध्यातून उठून जायची तुझी खोड वाईट आहे. पण तुझी नजर माझ्यापेक्षा चांगली आहे, आणि हे मी या गावात आजवर कुणाला म्हटलेलं नाही. उद्या रविवार, घरी मांसाचा बार्बाकोआ शिजतोय, चर्चनंतर ये. आणि जेवण संपेपर्यंत बसायचं, कळलं?"