नळ्या उघडेपर्यंत

आमचं घर घड्याळं दुरुस्त करणाऱ्यांचं. चिमट्यात केसाएवढी स्प्रिंग धरली की पंखा बंद करायचा आणि घरातल्यांनी श्वास रोखायचा, ही शिस्त. आमचे थोरले काका तर एकदा श्वास सोडायलाच विसरले. जेवायला बसल्यावर त्यांना आठवलं. खोटं वाटत असेल तर काकूंना विचारा. त्या कधी खोटं बोलल्या नाहीत, आणि आता तर बोलतच नाहीत.

आमच्या धाकट्या सुनेच्या दोन्ही बीजनलिका जुन्या आजारानं टोकाशी चिकटून बंद झाल्या होत्या. पोरगी मुलासाठी आतल्या आत झुरत होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लेझरनं चिकटलेलं सोडवू, सूक्ष्मदर्शकाखाली टाके घालू. पण मूल होईलच असं वचन देत नाही."

"उघडा तर खरं," सूनबाई म्हणाली. "दारच बंद असेल तर येणारा येणार कुठून?"

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही झाडून सारे बाहेरच्या बाकांवर. तिला आत नेलं आणि माझ्या बायकोनं उठून पंखा बंद केला. आत बारीक काम चाललेलं. सगळ्यांनी श्वास रोखले. शेजारचे गृहस्थ घामानं निथळत म्हणाले, "आजोबा, पंख्यानं तुमचं काय घोडं मारलंय?" मी ओठांवर बोट ठेवलं. थोड्या वेळानं तेही गाल फुगवून बसले.

नर्स बाहेर आली, तर समोर जांभळ्या तोंडांची रांग.

"अहो, श्वास घ्या. नाहीतर तुम्हालाच आत न्यावं लागेल."

"उघडल्या का?" धाकट्या लेकानं कसंबसं विचारलं.

"निळं औषध सोडून पाहिलं. दोन्हीकडून वाहिलं."

आम्ही श्वास सोडला, तेव्हा तिच्या हातातले कागद जिन्यापर्यंत उडाले.

पुढे वाट पाहणं आलं. सूनबाई दर महिन्याला गप्प होई. तिला हसू यावं म्हणून आम्ही नवराबायको मुद्दाम भांडत बसू. मग एका सकाळी ती सासूच्या कानात काही बोलली. सासूनं तिला जे घट्ट धरलं, ते दुपारच्या जेवणालाच सोडलं.

नातीला घेऊन आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो. सूनबाईनं आभाराचं भाषण पाठ केलं होतं, ते दारातच विसरली. "बाई," एवढंच म्हणाली, "जरा हिला घ्या."

बाई मागे सरकल्या. "मला नाही जमत गं. पडेल माझ्याकडून."

केसाहून बारीक दोऱ्यानं टाके घालणारे ते हात पुढे आले आणि अर्ध्यावरच थांबले. सूनबाईनं खालून आपले हात लावले.

"मी धरलंय. घ्या तुम्ही."

बाईंनी घेतलं. बाहेरच्या पेशंटांना त्या दिवशी बराच वेळ थांबावं लागलं.