गिअरला बांधलेला नारळ

बाळ नुकतं झोपलं होतं. खोलीत माझा श्वासही मोठा वाटत होता, तोच दाराची कडी खडखडली.

"आई, चल ना खाली," माझी सहा वर्षांची नलू कुजबुजली. "गाडीतून भूत काढतायत."

बाळाला खांद्यावर टाकून मी खाली उतरले. लालबागच्या आमच्या चाळीचं अख्खं अंगण भरलं होतं. मधोमध आमच्या चाळीतल्या कुशाबांची अमेरिकन पिकअप. तिला क्लच नाही, गिअर आपोआप बदलतो. मागच्या आठवड्यात तिची गिअरपेटी कामातून गेली. आमचे हे, दत्ताराम, मेकॅनिक. ह्यांनी भंगारबाजारातून तसल्याच दुसऱ्या गाडीची पेटी आणून बसवली, आणि तेव्हापासून स्टार्टर मुका. दोन दिवस हे तारांना बल्ब लावून करंट शोधत होते. बॅटरीपासून निघालेला करंट मध्येच कुठेतरी गडप व्हायचा.

ह्यांना सापडला नाही तो करंट भुतं उतरवणाऱ्या कोंडीरामबुवाला सापडला.

"धोंडू अडकलाय ह्यात," बुवा डोळे फिरवत सांगत होता. परवा त्याचा धोंडू इंजिनात होता, काल तारेत शिरला होता, आज गिअरपेटीत मुक्कामाला आला होता. "बायकोची सावली त्याला सोडत नाही. ती चाळीत आहे तोवर हा उतरायचा नाही."

धोंडू ह्याच गाडीचा ड्रायव्हर. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात गोळी लागून गेला. जानेवारीत ह्याच चाळीनं त्याच्या फोटोला हार घातला होता. आता त्याची बायको अंबिका मूल कडेवर घेऊन जिन्याशी उभी होती आणि पायाशी तिचं गाठोडं बांधून तयार होतं. अमावास्येच्या आत तिनं गावाला जावं, असं चाळीनं ठरवलं होतं.

बुवानं लाल फडक्यात बांधलेला नारळ स्टिअरिंगजवळच्या गिअरच्या दांडीला, अगदी टोकाला, लटकवला. कुशाबांनी किल्ली फिरवली. गाडी घुरघुरली. लोकांनी हात जोडले. नारळ काढला, पुन्हा मुकी. दोनदा तसंच झालं.

"बघितलंत?" बुवा म्हणाला. "हा तात्पुरता बंदोबस्त. कायमचा बंदोबस्त जिन्याशी उभा आहे."

अंबिकेनं मान खाली घातली. तो नारळ दर वेळी टोकालाच का? आणि बांधताना बुवा त्याला हळूच खाली का ओढतो?

"कुशाबा, थांबा जरा. नारळ सीटवर ठेवून बघूया."

"देवाची परीक्षा बघू नये, ताई," बुवा गुरगुरला.

"देवाची नाही बुवा, नारळाची बघते."

"वैनी, शिवाजी पार्कला सभेचो लाउडस्पीकर पोचवचो आसा," कुशाबा वैतागले. "चालता ना गाडी? मग चालांदे."

"दोनच मिनिटं."

नारळ फडक्यासकट सीटवर ठेवला. किल्ली फिरली. काही नाही. मग मी नलूला वर पाठवून खलातला लोखंडी बत्ता आणवला, कुशाबांकडून सुतळीनं दांडीच्या टोकाला बांधून घेतला.

"आता फिरवा."

गाडी घुरघुरली.

मागून कुणीतरी म्हणालं, "बत्त्यात कोण शिरला मग?" आणि दोन बाया फिसकन हसल्या.

हे तोवर स्टिअरिंगखाली शिरले होते. बाहेर आले ते कान लाल करूनच. "माझीच चूक. दांडीला पेटीशी जोडणारा नवा जोडदांडा वेगळ्या मापाचा आहे. मी जुना स्विच जसाच्या तसा ठेवला. गाडी गिअरात असताना सुरू होऊन कुणाच्या अंगावर जाऊ नये, म्हणून तो स्विच स्टार्टरचा करंट तोडतो. दांडी न्यूट्रलवर असते, पण स्विच बोटभर सरकलेला. त्याला वाटतं गाडी गिअरात आहे. टोकाला वजन लागलं की दांडी खाली येते आणि करंट जोडला जातो." त्यांनी स्विच सरकवला. बत्ता सोडला, किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली.

कुशाबांनी बुवाकडे रोखून पाहिलं. "लढाईच्या वक्ताक माझगावाक अमेरिकन ट्रकांवर क्लीनर होतंस ना रे तू? म्हणान दांडयेची खोड तुका म्हायत!"

बुवानं पिशवी उचलली, नारळ मात्र आठवणीनं तीत घातला.

लिहायला मला वेळ मिळतो तो बाळाच्या झोपेएवढाच, म्हणून थोडक्यात सांगते. कुणी काही बांधून चमत्कार दाखवला, तर ते सोडून बघा, दुसरं बांधून बघा. त्याला ना शिक्षण लागतं, ना धाडस फार. आणि कुणा बाईला घराबाहेर काढायचं म्हणत असतील, तर हात जोडण्याआधी बघा.

लाउडस्पीकर घेऊन पिकअप गेली. माणसंही पांगली, अंबिकेकडे न बघता. ती जिन्यातच बसून गाठोड्याची गाठ सोडवत होती. घट्ट बसलेली, सुटता सुटत नव्हती. मी शेजारी बसून दुसरं टोक धरलं.

नलू आमच्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आई, चूक तर बाबांची होती ना? मग गावाला जा असं सगळे अंबिकामावशीला का सांगत होते?"