दोन दारांपलीकडचे काढ्याचे मडके

मित्रांनो, मी एक जुने मडके आहे. काळे, ठेंगणे, एका अंगाला चोच आणि दुसऱ्या अंगाला दांडा. माझ्यात कधी भात शिजला नाही की रस्सा उकळला नाही. मी काढ्याचे मडके. माझ्याकडे हौसेने कोणी येत नाही.

चीनमधल्या यिंगजिंग गावच्या कुंभारांनी पांढऱ्या मातीत कोळशाची राख कालवून मला घडवले. लालबुंद झाल्यावर लांब काठीने भट्टीतून उचलले, भुशाच्या खड्ड्यात ठेवले आणि वरून झाकले. त्या धुराने अंगावर ही काळी चकाकी आली. "हे पोर दहा पिढ्यांची दुखणी पचवेल," असे म्हातारा कुंभार म्हणाला. त्या एका कौतुकावर मी आजवर जगले आहे.

पुढे कोणीतरी अडल्या वेळी मला विकत घेतले आणि मी सिचुआनमधल्या या नदीकाठच्या गल्लीचे झाले. चौदा घरांत मी एकटेच. स्वतःसाठी काढ्याचे मडके आणून ठेवणे म्हणजे दुखण्याला पाट मांडणे, म्हणून घरोघरी मी नसते. ज्याच्याकडे आजारी माणूस, त्याने यावे आणि मला तोंडाने मागून न्यावे. नंतर परत मात्र आणून द्यायचे नाही. मडके पोचवणे म्हणजे दुसऱ्याच्या उंबऱ्यावर दुखणे नेऊन ठेवणे. तसे कोणी केले तर ते घर पुन्हा त्याचे तोंड बघत नाही.

गेली सहा वर्षे मी मो काकूंच्या फळीवर होते. मो काकू तोफू विकतात. त्यांचा नवरा माझ्यातलाच काढा पीत पीत गेला. तरी त्यांनी माझा राग धरला नाही. कोरडे मडके विस्तवावर तडकते, म्हणून दर आठ दिवसांनी त्या माझ्यात पेज ओतून मला मुरवत ठेवत.

दोन दारांपलीकडे थान वहिनींचे घर. त्यांची सूछिन एकोणीस वर्षांची, लग्न ठरलेले. या उन्हाळ्यात ती गल्लीच्या संडासाकडे धावू लागली. दिवसातून पाच वेळा, मग दहा वेळा, मग मीही मोजणे सोडले. संडास आमच्या खिडकीसमोरच होता. तिची आतडी सुजली होती आणि रक्त जात होते. परत येताना ती भिंत धरून चाले.

थान वहिनींनी दूरच्या वैद्याकडून गुपचूप पुड्या आणल्या. सोनेरी कडू मुळी, वाळवलेली घोळीची भाजी, ज्येष्ठमध. काढ्याला लोखंड लावायचे नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. पण मला मागायला यायचे म्हणजे आजार गल्लीला सांगायचा, आणि गल्लीला सांगायचे म्हणजे नवऱ्या मुलाच्या घरी कळायचे. वहिनींनी काढा लोखंडी कढईत उकळला. तो करपट वास माझ्यापर्यंत आला. काढा शाईसारखा काळा झाला असणार. दुसऱ्या दिवशी सूछिन गटारापाशी बसून तो ओकत होती.

मो काकूंनी आडून सुचवून पाहिले. "वहिनी, माझ्या फळीवर एक मडकं उगाच जागा अडवून बसलंय हो. कुणी नेलं तर बरं होईल!"

"आमच्यात कोण आजारी आहे?" वहिनी हसल्या. "पोरीला मेलं तिखट लागतं ताटभर, म्हणून पोट बिघडलंय जरा."

"तिखटानं चपलेवर रक्त नाही सांडत," मो काकू पुटपुटल्या, पण वहिनी गेल्यावर.

सूछिनला तर तोंड दाबून बुक्क्यांचा मार. मला वाटे, फळीवरून उडी मारावी. फुटले तरी चालेल, पण तिच्या दारात फुटावे! मो काकूंनी मला तीनदा उचलले, उंबऱ्यापर्यंत नेले आणि तीनदा परत ठेवले. "मी नेलं आणि पोरगी दगावली तर?" त्या मलाच विचारत. मला चोच आहे, जीभ नाही. मुक्याने कडू मुळी खाल्ली तर तो सांगणार कोणाला?

मग एका भर दुपारी सूछिन संडासाच्या पायरीवर कोसळली. त्या दिवशी लग्न जुळवणारी बाई वहिनींकडे चहा पीत बसली होती. वहिनी धावत आल्या. त्यांनी लेकीची भिजलेली विजार पाहिली, दारात उभ्या त्या बाईकडे पाहिले आणि मग साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा हंबरडा फोडला.

"मो ताई! माझ्या पोरीचं रक्त थांबत नाही गं! मडकं दे!"

"ने!" मो काकू मला छातीशी धरून उंबऱ्यात उभ्या होत्या. "किती वाट बघायला लावलीस, बये!"

चहा तसाच टाकून ती बाई निघून गेली. लग्न मोडले. सूछिनला नावेतून तालुक्याच्या दवाखान्यात नेले. "इतके दिवस काय करत होतात?" असे डॉक्टर ओरडले. तिला घरी आणल्यावर, डॉक्टरांना विचारून, त्यांच्या गोळ्यांबरोबर काढाही सुरू झाला. सहा वर्षांनी माझ्या बुडाखाली विस्तव आला आणि मी तडकले नाही.

काढ्याचा चोथा आम्ही रस्त्यावर टाकतो. येणारे-जाणारे तुडवतात आणि दुखणे पायांबरोबर घेऊन जातात, असे मानतात. पण रक्ताचे दुखणे कोण उचलणार? तीन दिवस सगळे भिंतीला चिकटून चोथा टाळत गेले. थान वहिनी दारात रडत होत्या. "कुणीच पाय देत नाही गं."

मो काकू तोफूची कावड घेऊन आल्या. त्यांनी ती खाली ठेवली आणि दोन्ही पायांनी चोथा रगडला. "चल रे दुखण्या, माझ्या मागनं ये. माझ्याकडे तोफूशिवाय काही मिळायचं नाही, आधीच सांगते!" मग शेजारचा नावाडी खाली मान घालून चोथ्यावरून गेला. त्याच्या मागून त्याची बायको गेली.

मित्रांनो, सूछिन वाचेल का, मला माहीत नाही. आज तिने अर्धी वाटी पेज घेतली आणि ती पोटात राहिली. मला जपा, असे मी म्हणणार नाही. मी मातीचे, कधीतरी फुटणारच. पण घरात दुखणे आले तर लपवू नका. वेळेवर या आणि मोठ्याने मागा.

आता मी थान वहिनींच्या चुलीवर आहे आणि तिथून मला मो काकूंचे दार दिसते. काल त्यांनी दोनदा पोट धरलेले मी पाहिले. त्या मागायला येतील ना?