खिंडीपर्यंतची सहल

असं लख्ख ऊन पडलं की इद्वालला वैरण आठवायची. गवत कापून वाळत टाकायचा दिवस, आणि तो मुलाच्या चकचकीत गाडीत पट्टा आवळून पाहुण्यासारखा बसला होता. सहल म्हणे.

"बाबा, बघा तरी, केवढं सुंदर आहे सगळं," गाडी चालवता चालवता गेराइंट म्हणाला.

इद्वालने बघितलं. उभा जन्म ज्या उतारावर मेंढ्यांमागे गुडघे झिजवले, तोच उतार होता. कार्डिफला खुर्ची उबवणाऱ्याला दुरून डोंगर साजरे. लहानपणी याच उतारावर मेंढ्या वळवायला धाडलं, की याच्या पोटात दुखायला लागायचं.

"सुंदर आहे," तो म्हणाला. "त्या कुंपणापाशी तुझ्या आईने पाय मोडून घेतला. तेव्हाही ऊनच होतं."

"जुनं कशाला उगाळायचं, बाबा?" मागून सून डेलिथ म्हणाली. "आज फक्त मजा करायची." सासूच्या दफनानंतर ती फारशी फिरकली नव्हती, आणि आज सकाळी तिने त्याचे बूटसुद्धा पुसले होते. इद्वालला तेव्हाच काहीतरी शिजत असल्याचा वास आला होता.

खिंडीच्या माथ्यावर गेराइंटने गाडी थांबवली. लांब खाली बाला गावचा तलाव चमकत होता. गेराइंट फोटो काढत सुटला. खाण्याची टोपली काढायला डेलिथने डिकी उघडली, आणि टोपलीशेजारी इद्वालला बायकोची तपकिरी बॅग दिसली. टम्म फुगलेली. एका खणातून त्याच्याच सपातांच्या टाचा बाहेर आल्या होत्या.

"ही कुठे निघाली?" त्याने विचारलं.

गेराइंटने बायकोकडे पाहिलं.

"तलावापाशी एक छान जागा आहे, बाबा," डेलिथ म्हणाली. "तुमच्याच वयाची मंडळी. सगळं जागेवर मिळतं. चार दिवस राहून बघा, एवढंच."

"आणि नाही आवडलं तर?"

डेलिथने टोपली उघडली.

"मेंढराला असंच नेतात," इद्वाल म्हणाला. "पुढे बादली हलवत. पण त्या बादलीत निदान दाणे असतात." त्याने डेलिथने पुढे केलेला मनुकांचा पाव चाखला आणि उरलेला टोपलीत परत ठेवला. "हा तर दुकानातला."

तेवढ्यात बालाकडून आयर्लिसचा पिकअप वर आला, मागे एक एडका बांधलेला. ती खालच्या शेतावरची शेजारीण. त्याला पाहून तिने काच खाली केली.

"काय रे इद्वाल, पर्यटक झालास की काय?"

"केलंय मला. घरापर्यंत जागा आहे का?"

"पुढे कुत्रा बसलाय."

"मी अंग चोरून बसेन."

त्याने स्वतःच्या हाताने बॅग उचलली. गेराइंट आडवा आला. "बाबा, तमाशा नको. ऐकून तरी घ्या."

"तू ऐक. सरळ विचारलं असतंस तर आलो असतो. माझे गुडघे संपलेत, हे मला कळत नाही? तू विषय कधी काढतोस, याची वाट बघत होतो. आणि तू काय केलंस, तर माझ्या पाठीमागे माझीच बॅग भरलीस. भुरट्या चोरासारखी."

पिकअप उतरणीला लागला. आयर्लिसने कुत्र्याला कोपराने बाजूला सारलं.

"खरंच गेला असतास?" तिने विचारलं.

"जाणारच आहे. मेंढ्या विकल्या की. तू सोडशील का?"

"सोडेन की. पण गेराइंटला काय सांगशील?"

"त्याला कळेल आपोआप. पत्ता बदलला की पोस्टमनलाही कळतंच."

पानगळीत, एका भुरभुर पावसाच्या दिवशी, आयर्लिसने त्याला तिथे सोडलं. जागा वाईट नव्हती. चहा पातळ होता, पण माणसं त्याच्याच खोऱ्यांतली होती, शिव्या ओळखीच्या होत्या. दोन आठवड्यांनी गेराइंट धावत भेटायला आला. इद्वाल तिघांबरोबर पत्ते खेळत बसला होता.

"बाबा, मला सांगायचं तरी," दारातून गेराइंट म्हणाला.

डाव संपेपर्यंत इद्वालने मान वर केली नाही.